‘हीट थोडी ज्यादा लागली’: ती व्हॉइस नोट जपून ठेवा

प्रश्न: मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि घरूनच दुकानदारांची हिशेबाची, जीएसटीची कामं करते. माझ्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपची चार्जिंग पिन लूज झाली होती. केबल वाकडी धरली की चार्ज व्हायचा, बाकी तक्रार नव्हती. बर्डीवरच्या एका दुकानात दिला. १,८०० रुपये घेऊन त्यांनी नवी पिन सोल्डर केली. घरी आणल्यावर सहा तास चालला आणि संध्याकाळी बंद पडला तो पडलाच. दुकानदाराने पुन्हा बघितला आणि व्हॉइस नोट पाठवली, “मॅडम, हीट थोडी ज्यादा लागली, बाजूची आयसी (चिप) हलली असंल. बोर्ड डेड आहे. सेकंड हॅण्ड बोर्ड टाकून देतो, १४,००० लागतील.” पावतीच्या मागे छापलंय की दुरुस्तीत बोर्ड गेल्यास दुकान जबाबदार नाही. लॅपटॉप सध्या माझ्याकडे आहे. धंतोलीचा दुसरा मेकॅनिक म्हणतो, बोर्ड साफ करून ६,५०० मध्ये चालू करतो. काय करू? पोलिसात जाऊ का?

उत्तर: ताई, धंतोलीच्या त्या मेकॅनिकला आधी फोन करा आणि सांगा की बोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मदरबोर्ड, साफ करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

तो माणूस चुकीचं सांगतोय असं नाही. बोर्ड दुरुस्त करायचा तर आधी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावाच लागतो. पण पिनेभोवती जळलेली पेस्ट, उचकटलेले पॅड (बोर्डवरच्या सोल्डर करायच्या जागा), हॉट एअर गनच्या झोताने सरकलेले मुंगीएवढे कपॅसिटर नावाचे भाग हे सगळं तुमच्या खटल्यातले साक्षीदार आहेत. ब्रशचा एक हात फिरला की ते गेले. मग उद्या बर्डीवाला म्हणेल, “मी दिला तेव्हा ठीक होता, दुसऱ्यानेच खराब केला.” आणि त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काही उरणार नाही. सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘माझा लॅपटॉप मेला’ एवढं सांगून भागत नाही. तो कोणाच्या हाताने आणि कशाने मेला, हे दाखवावं लागतं.

म्हणून धंतोलीच्या मेकॅनिककडून आधी तपासणी, मग दुरुस्ती. सोल्डरिंग आयर्न न लावता. बॅटरीची केबल काढून ठेवायची, बोर्डचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढायचे, पिनेच्या भागाचे भिंगाखालून. मग मल्टिमीटरने पिनेपासून पुढे जाणारी १९ व्होल्टची मुख्य लाइन ग्राउंडशी शॉर्ट आहे का, म्हणजे थेट जोडली गेली आहे का, ते बघायचं. काही कंपन्यांच्या पिनेत मधली बारीक काडी फक्त अॅडॉप्टर ओळखण्यासाठी असते. सोल्डरचा थेंब सांडून १९ व्होल्ट त्या काडीवर गेले तर पुढची कंट्रोलर आयसी उडू शकते. तसा थेंब दिसला तर त्याचा फोटो सोन्यासारखा. शेवटी डीसी पॉवर सप्लायवर लावून बोर्ड किती करंट खेचतो, तोही आकडा लिहून घ्यायचा.

या आकड्यांवर तुमची मागणी ठरते. सहा तास चालून बंद पडणं हे कधी कधी नुसत्या ड्राय सोल्डरचं, म्हणजे नीट न धरलेल्या सांध्याचं, लक्षण असतं. बोर्ड तापला, सांधा फुगला, सुटला. तसं असेल तर बोर्ड मेलेलाच नाही, आणि १४,००० चा दुसरा बोर्ड गळ्यात मारणं हा वेगळाच प्रश्न होतो. शेजारची मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट होऊन जास्तीचा व्होल्टेज प्रोसेसरपर्यंत गेला असेल, तर ६,५०० मध्येही ते होणार नाही. मेकॅनिकला हे सगळं दुकानाच्या लेटरहेडवर, तारीख, सही आणि लॅपटॉपच्या सिरियल नंबरसह लिहून द्यायला सांगा. पुढे त्याचं शपथपत्र लागेल. त्याची तयारी आहे का, ते आत्ताच विचारून घ्या. बर्डी-धंतोलीतली दुकानं एकमेकांकडूनच पार्ट घेतात, ऐनवेळी माणूस कच खातो.

अहवाल हातात आला की बर्डीच्या दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्यात काय झालं ते, मागणी काय ते, आणि एक ओळ आवर्जून: ‘बोर्ड आहे त्या स्थितीत माझ्याकडे आहे. १५ दिवसांत माझ्यासमोर येऊन तपासावा, त्यानंतर मी तो दुसरीकडे दुरुस्त करून घेईन.’ तो येवो न येवो. आला नाही, तर ‘दुसऱ्याने बिघडवला’ हा बचाव त्याला पुढे जड जातो. मुदत संपली की बिनधास्त दुरुस्त करा, काढलेले पार्ट पाकिटात जपून ठेवा.

लॅपटॉप पुन्हा बर्डीवर नेऊन देऊ नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर ठरल्याप्रमाणे कष्टाचं काम केलं, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवू शकतो. एकदा तिथे गेला की १४,००० देईपर्यंत हलणार नाही.

आता त्या छापील ओळीबद्दल. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप, काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलेली वस्तू. समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी कारागिराने घ्यायची, असं त्याच करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. पावतीच्या मागच्या, तुम्हाला न दाखवलेल्या, तुमची सही नसलेल्या ओळीने निष्काळजीपणा धुतला जातो असं मी तरी मानत नाही. जोखीम तोंडावर सांगून, लिहून घेतली असती तर गोष्ट निराळी होती. आणि पावतीची पुढची बाजू बघा. दुकानाने लॅपटॉप घेताना ‘ऑन कंडिशन’ (चालू स्थितीत) लिहिलं असेल, तर ‘आधीच शॉर्ट होता’ म्हणायची वाट तिथेच बंद. कच्ची चिठ्ठी असली तरी फेकू नका, यूपीआयची नोंद तिला जोडा. पक्कं बिल न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार कागद मात्र कागद नाहीच, ती व्हॉइस नोट आहे. ‘हीट ज्यादा लागली’ हे त्याचं स्वतःचं वाक्य. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. ग्राहक आयोगासमोर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा.

तुम्ही धंदा करता म्हणून ‘ग्राहक’ नाही, असा आक्षेप येईल. घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही.

तक्रार नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात, सिव्हिल लाइन्सला. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात जाता येतं, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि इथे मोबदला म्हणजे तुम्ही दिलेले १,८००, मागितलेली भरपाई नव्हे. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही, हे माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच नरमतात.

मागताना हात आखडता ठेवा. १,८०० परत, प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, त्रासापोटी आणि खर्चापोटी माफक रक्कम. चार वर्षांच्या लॅपटॉपसाठी नव्याची किंमत मागितली की तक्रारीचा नूरच बदलतो. बुडालेली कमाई मागायची तर कोणत्या ग्राहकाचं कोणतं काम गेलं, त्याचे मेसेज हवेत.

पोलिसात जायची घाई नको. हा निष्काळजीपणा आहे, फसवणूक नव्हे. तपासणीत चांगला पार्ट काढून जुना बसवल्याचं दिसलं, तर मात्र मला पुन्हा लिहा.

राहिला तुमच्या दुकानदारांचा डेटा, कारण २० तारखेचं रिटर्न कोणासाठी थांबत नाही. एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) वेगळी, स्क्रूने बसवलेली असेल तर फोटो काढून मेकॅनिकसमोरच काढून घ्या आणि एनक्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. दुसरा बोर्ड बसवला तरी तीच की लागेल, म्हणून आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा.