दोरीवर वाळणारी चड्डी

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, वयं ४५ ते ५०. रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत सायकल मारून येतो. जानेवारीत नाशिक ते इंदूर जायचं चाललंय, चार दिवसांत. रोजचे शंभर किलोमीटर म्हणजे दिवसभर नेमकं काय होतं, ते जो तो हसण्यावारी नेतो. तुम्ही सांगाल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सांगते. माझा पहिलाच दिवस सांगते, कारण तो पुरता फसला होता.

निवृत्तीनंतरच्या जानेवारीत एकटीच निघाले. पहाटे साडेपाचला नाशिकचा द्वारका चौक. (उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या रस्त्याने जा.) मुंबई-आग्रा रस्त्याला लागले ती ओझरपर्यंत अंधारातच. निफाडकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. ब्रेकवरची बोटं आखडून गेली. पिंपळगाव बसवंत ३० किलोमीटर, दीड तासात गाठलं. मागे दोन बॅगा असूनही! तिथे पोहे खाताना स्वतःवर इतकी खूश होते की दुसरा चहा सांगितला आणि उगाच अर्धा तास बसून राहिले.

दहानंतर वारा उठला. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, तरी हे डोक्यात आलं नव्हतं. हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्येकडून, आणि आपला रस्ताही ईशान्येलाच जातो. तुम्ही ताशी १५ ने चाललात आणि समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यात चांदवडकडे चढ. दिसायला काहीच नाही, पण गिअर एकेक करत खाली येत राहतात. लाल कांद्याचा हंगाम होता, बाजाराकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागेना, म्हणून बरंच अंतर तिच्या मागे चिकटून गेले. हे मात्र तुम्ही करू नका. ट्रॉलीचा मागचा दिवा लागेल याचा नेम नसतो. ती थांबली हे आपल्याला तिच्यावर आदळल्यावर कळायचं.

चांदवडच्या रेणुकादेवीला रस्त्यावरूनच हात जोडले. पुढे राहुडचा घाट उतार आहे, पण तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक तापलेले असतात. मी कडेला उतरून दोन-तीन ट्रक पुढे जाऊ दिले. मग उमराणे, सौंदाणे, गिरणेचा पूल. मालेगावात यंत्रमागांची खडखड कानावर आली तेव्हा साडेपाच वाजले होते.

आणि इथेच घोळ झाला. पाय ठणकत होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुटले. पण सायकलवर घालायची, बुडाशी गादी शिवलेली पॅडची चड्डी धुऊन लॉजच्या खिडकीत टाकली तेव्हा ऊन संपलं होतं. सकाळी ती ओलीच. दुसरी आणली नव्हती, तशीच घातली. धुळ्यापर्यंत चुरचुर, शिरपूरला जखम, आणि सेंधव्याच्या आधीच्या घाटात मी सीटवर बसूच शकत नव्हते. इंदूरला मी बसने पोचले. सायकल टपावर.

म्हणून मी शंभर किलोमीटरचा हिशेब चड्डीने करते. ती दुपारी अडीचला दोरीवर पडली पाहिजे. ताशी १५ ने शंभर किलोमीटरला पावणेसात तास, थांबण्याचा दीड तास. म्हणजे पुढेमागे दिवे लावून सहाला निघा. पहिल्या तासात कुणीही पुढे पळायचं नाही, तिघींना गप्पा मारता येतील एवढाच वेग. धुतलेली चड्डी कोरड्या टॉवेलात गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पिळा, अर्धं पाणी तिथेच जातं. तरी प्रत्येकीकडे दोन हव्यातच. खाणं भूक लागायच्या आधी: केळी, गूळ-शेंगदाणे. शेवभाजी रात्रीसाठी ठेवा. भरदुपारी खाल्ली की सायकल नको वाटते.

आपल्याच नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. हे उदाहरण तुम्हाला घरी कुणीतरी ऐकवेलच. त्यांच्याबरोबर मदतीची गाडी होती आणि दोघं आलटूनपालटून चालवत होते. तुम्हाला कपडे स्वतः धुवायचेत.

प्रश्न : हायवेला पंक्चर झालं तर? दुकानं तर ट्रकचीच दिसतात. – एक वाचक, सिडको

उत्तर : ट्रकच्या दुकानवाला पंक्चरही काढून देतो, अडतं हवेवर. तुमच्या ट्यूबला बारीक वॉल्व्ह असेल तर त्याची नळी बसत नाही. पितळेचं बोटाच्या पेराएवढं अॅडॉप्टर मिळतं, ते घ्या. आणि ट्यूब बदलण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा. फुटलेल्या ट्रक-टायरची केसाएवढी तार रुतलेली असते. ती राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. मी भुवया कोरायचा चिमटा बरोबर ठेवते.