नणंदेसमोर कसं सांगू?

"मी इथं बोललेलं घरी कळेल का?" सोलापुरात समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक बायकांच्या मनात हा प्रश्न असतो. पुष्कळजणी तो विचारतही नाहीत, नुसत्या दाराकडं बघत राहतात. शहराच्या पूर्व भागात शेजारीण, विडी कारखान्याच्या ब्रँचमधली सोबतीण आणि नात्यातली बाई बऱ्याचदा एकच असते. तेव्हा ही धास्ती काही उगाच नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. पस्तिशीची विडी कामगार. घरी तेलुगू, मराठी कामापुरती. झोप उडालेली, छातीत धडधड. दुभाषी म्हणून नणंद सोबत आलेली. "झोप कधीपासून येत नाही?" मी विचारलं. बाई बराच वेळ बोलली. बोलताना तिची बोटं पदराच्या काठावर विडी वळल्यासारखी चालत होती. नणंदेनं त्या सगळ्याचं मराठी केलं, "काही नाही मॅडम, पित्त आहे तिला."

नणंद वाईट नव्हती. रिक्षाचं भाडं तिनंच दिलं होतं, दिवसभराच्या विड्या सोडून आली होती. पण घरातलं माणूस मध्ये बसलं की गोपनीयता उरतच नाही. मी तिला चहा देऊन बाहेर बसवलं आणि तेलुगू बोलणाऱ्या सहकारी बाईंना आत बोलावलं.

काही विचारायच्या आधी आम्ही तिला आमची हद्द सांगितली. तुम्ही सांगाल ते सासूला, नवऱ्याला, कारखान्यात कुणालाही कळणार नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा कोर्टानं मागितलं, तर गरजेपुरतं सांगावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्येही गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याला असे अपवाद आहेत. हे ऐकून बाई उठून जातील, असं नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. "कुणालाच नाही सांगणार" असं सरसकट वचन दिलं की बायका आणखी गप्प होतात, कारण अशी वचनं त्यांनी घरीही ऐकलेली असतात.

मग ती बोलली. नवऱ्याच्या नकळत काढलेलं गटाचं कर्ज, थकलेले हप्ते, आणि मध्यंतरी "आता नकोच जगणं" असं मनात आलेलं. हा अपवाद होता आणि तो तिला आधीच माहीत होता. मी एवढंच विचारलं, "घरातलं कुणाला सांगितलं तर तुम्हाला चालेल?" तिनं भावाचं नाव घेतलं. त्याला तिच्यासमोरच फोन केला. जिवाची काळजी तेवढी सांगितली, कर्जाचा विषय काढला नाही. डॉक्टरांची भेट ठरवली, 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला.

दोन दिवसांनी नवऱ्याचा फोन आला. "काय बोलली ती? मी नवरा आहे तिचा." मी म्हटलं, "दादा, त्यांनाच विचारा. तुम्हाला यायचं असेल तर त्यांच्या संमतीनं दोघं या." तो चिडला, फोन ठेवला.

पुढं कर्जाचं तिनंच त्याला सांगितलं, आमच्या खोलीत, भाऊ शेजारी असताना. भांडण झालंच. हप्ते अजून चालू आहेत, झोप मात्र थोडी लागते.

तुम्ही कुठंही समुपदेशनाला गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा: माझं बोलणं कुणाला, कधी सांगाल? नोंदी कुठं ठेवता? फोन घरच्यांनी उचलला तर काय म्हणाल?