"माझ्या उपासात काही चुकलं काय, मॅडम?"

मे महिन्यातल्या दुपारी माझ्याकडे समुपदेशनाला सहसा कोणी फिरकत नाही. त्या दिवशी ती आली आणि कूलरसमोर बसूनही तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायचं तिला सुचेना. वय पंचेचाळिशीचं, राहणं नागपुरात मानेवाड्याकडे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) नवऱ्याला फेब्रुवारीत लकवा मारला होता. उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. मेडिकल हॉस्पिटलमधून घरी आणूनही बरेच दिवस झाले होते.

"मंगळवारी टेकडीचा गणपती, गुरुवारी ताजबागचा दर्गा, शुक्रवारी कोराडीची देवी. संकष्टीला पाणीसुद्धा नाही घेत मी. तरी देव दया काऊन नाही करून राहिला? माझंच काही चुकलं असन न?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. देवळं बदलतात, प्रश्न तोच.

मी घाईने म्हणून गेले, "देव अशी शिक्षा देत नाही हो." ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?" बरोबरच होतं तिचं. मी काही देवाची वकील नाही. गप्प बसले आणि ऐकू लागले.

मग खरं बाहेर आलं. तिळी चतुर्थीला टेकडीवर नवस फेडायचा होता. घरी पाहुणे, जाणं झालं नाही, आणि पुढच्याच महिन्यात लकवा. नवऱ्याने बीपीच्या गोळ्या दीड वर्षापूर्वी "बरं वाटते" म्हणून बंद केल्या होत्या, आणि डॉक्टरांनी तेच कारण सांगितलं होतं. तिला ते पाठ होतं. तरी तिच्या मनातल्या खटल्यात आरोपी तीच.

आमच्या क्षेत्रातले काही जण असं ऐकलं की अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संकटातल्या श्रद्धेचा अनेक वर्षं अभ्यास केला. देव सोबत आहे असं धरून चालणारा माणूस बहुधा सावरतो. देवाने मला टाकलं, तो मला शिक्षा करतोय, असं मानणारा अधिक खचतो. २००१ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या आजारी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाशी असं बिनसलेल्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. तिची प्रार्थना थांबवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. ती आरोपीच्या पिंजऱ्यातून चालली होती, तेवढंच मला खुपत होतं.

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेतलं नाही. तिला स्वतःला शुगर होती. निर्जळी उपास, गोळ्यांचा मेळ नाही, कोराडीच्या रांगेत एकदा घेरी येऊन बसली होती. त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरकडे पाठवलं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, देवाला नेमकं काय म्हणता? "यांना बरं कर, माझी चूक माफ कर." आणि स्वतःसाठी? ती गोंधळली. मी म्हटलं, जनाबाईने विठोबाला शिव्यासुद्धा घातल्या, तरी तो तिचाच राहिला. तुम्ही नुसतं घरी बोलता तसं बोलून पाहा. इथेच.

बराच वेळ कूलरचाच आवाज. मग, "बाप्पा, थकली मी. रात्रभर झोप नाही. कोणी हात नाही लावत घरात."

ते देवाला सांगितलेलं तिने त्याच आठवड्यात दिरालाही सांगितलं. आता दोन रात्री तो झोपतो भावाजवळ.

नवरा काठी घेऊन अंगणापर्यंत जातो, बोलणं अजून तुटकच. परवा ती प्रसाद घेऊन आली. "संकष्टीला दही-शेंगदाणे खाल्ले, गोळी घेतली. पण तिळी चौथीचं मी फेडीनच, मॅडम. ते नाही राहू देत."

"जा न," मी म्हटलं, "रांगेत पाण्याची बाटली तेवढी ठेवा."