फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला गेल्यावर डिसेंबरमध्ये मुलांना नाताळ कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरपासून फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजीची असिस्टंट म्हणून रुजू होताय, डिसेंबरात तिथे ‘इंग्रजी नाताळ’ शिकवायला लावतात असं कानावर आलंय, तुम्ही पुण्याच्या, घरी नाताळ नाही, मग वर्गात घ्यायचं काय? आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीत घरी यावं की तिथेच थांबावं?

सुट्टीचं नंतर सांगते. आधी पहिलं, कारण याच विषयावरून माझं एका बाईंशी स्टाफरूममध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

इंग्रज असल्याचं सोंग आणू नका. टर्की, पुडिंग, राजाचं दुपारचं भाषण, बॉक्सिंग डे हे सगळं त्यांच्या पाठ्यपुस्तकात असतं आणि तिथल्या शिक्षिका ते वर्षानुवर्षं शिकवत आल्यात. त्यासाठी सात महिने पुण्याहून माणूस आणवायची गरज नाही. असिस्टंट ठेवतात ते मुलांना जित्याजागत्या माणसाशी इंग्रजीत बोलायला मिळावं म्हणून. तो माणूस स्वतःचं सोडून तिसऱ्याच देशाचं पाठ केलेलं बोलायला लागला, की अकरा वर्षांच्या पोरांनाही ते लगेच कळतं.

मी वसईची, कॅथलिक. आमची मिस्सा मराठीत, नाताळची गाणी मराठीत, शाळाही मराठी माध्यमाची. फ्रेंच शिकून पूर्व फ्रान्समधल्या लोरेनमध्ये गेले, नान्सी शहराजवळच्या एका गावातल्या कोलेजमध्ये, म्हणजे तिथल्या सहावी ते नववीच्या शाळेत. आठवड्याला 12 तास, हातात साधारण 800 युरो, हे तुम्हाला माहीत असेलच. माझी जबाबदारी ज्या इंग्रजीच्या बाईंकडे होती त्या कामाला चोख होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, मला बँकेत खातं उघडून द्यायला स्वतः आल्या होत्या. पण नोव्हेंबर संपता संपता त्यांनी कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत आदल्या असिस्टंटने मागे ठेवलेले क्रॅकर होते, म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून ओढायची ती कागदी नळकांडी. ती मुलगी इंग्लंडमधल्या लीड्सची होती. बाई म्हणाल्या, “मुलांना खरा इंग्रजी नाताळ हवाय, तू यावरून तास घे.” आणि मग, अगदी सहज, आजूबाजूला चार जण बसलेले असताना: “पण तुमच्याकडे नाताळ असतो का?”

वसईच्या माणसाला हा प्रश्न! आमच्याकडे डिसेंबर लागला की पोरं बांबूच्या काड्या चिरायला बसतात, दारोदार चांदणीचे कंदील लागतात, वाडीवाडीत गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उभा राहतो, घरात न्हेवऱ्या (आपल्या करंज्याच) आणि कलकल या गोड तळणीचे डबे भरतात. पोर्तुगीज 1739 साली गेले, नाताळ काही त्यांच्याबरोबर गेला नाही. मी तेव्हा एवढंच म्हटलं की असतो, आणि मोठा असतो. पण ते मनात राहिलं.

क्रॅकरचा तास मी घेतला. नाही कशाला म्हणू? सिझियेमची, म्हणजे आपल्या सहावीच्या वयाची मुलं होती. त्यांनी क्रॅकर ओढले, आवाज झाला, पातळ कागदाचे मुकुट डोक्यावर चढले. आतल्या चिठ्ठ्यांवरचे विनोद एकालाही कळले नाहीत, कारण ते सगळे इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर चालतात. दहा मिनिटांत विषय संपला. उरलेला वेळ मी प्रश्न विचारत होते आणि मुलं ‘येस’, ‘नो’ करत होती.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गावर मी माझा तास घेतला. बाई मागे बसल्या होत्या. वसईतल्या आमच्या आळीचे फोटो पडद्यावर लावले आणि सांगितलं की आज इथे कंदील करायचा, पण एकही फ्रेंच शब्द चालणार नाही. बांबू कुठून आणणार? सुपरमार्केटमधून बार्बेक्यूच्या लाकडी काड्या आणल्या, टोकं आधीच छाटली. पाच काड्यांची एक चांदणी, तशा दोन. दोन्हींची पाची टोकं एकमेकांना बांधायची आणि मग मधे जिथे काड्या एकमेकींवरून जातात तिथे पाच आखूड काड्या उभ्या बसवायच्या, म्हणजे चांदणी फुगते. ही आखूड काडी बसवताना दोघांचे चार हात लागतात, एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने सरकवायची. तिथे मुलांना बोलावंच लागलं. घट्ट धर, सैल झालं, दोरा दे, अजून थोडं, थांब थांब, तुटेल. हे सगळं इंग्रजीत, मोडकंतोडकं, पण एकमेकांशी, माझ्याशी नव्हे. ज्या मुलाने ऑक्टोबरपासून तोंड उघडलं नव्हतं तो शेजारणीला “नॉट हिअर, हिअर!” म्हणून ओरडत होता. मला याहून जास्त काही नको होतं.

मग न्हेवऱ्यांचा फोटो आला. खरंतर न्हेवऱ्या करून न्यायच्या होत्या, पण घरचं खाणं वर्गात चालत नाही, ॲलर्जीची भानगड असते. तुम्हीही आधी विचारून घ्या. फोटो बघून मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन म्हणाला की हे तर चारक, माझी आजी ईदला करते. त्याचं घराणं अल्जीरियाचं. त्यांच्याकडे चंद्रकोरीसारखं, आत बदामाचं सारण भरलेलं गोड असतं. मी त्याला म्हटलं, आता आत काय घालतात ते इंग्रजीत सांग, आणि तो हातवारे करत दोन-तीन मिनिटं बोलला. एका मुलीने फळ्यावरचं माझं आडनाव वाचलं आणि हात वर केला, “मादाम, माझ्या आजीचं माहेरचं नाव हेच आहे.” आजी पोर्तुगालची. फ्रान्समध्ये पोर्तुगीज कुटुंबं पुष्कळ, तेव्हा यात नवल नाही, पण वसईची मादाम आणि तिची आजी एका आडनावाच्या कशा, हे समजावताना त्या वर्गात जगाचा नकाशा उघडावा लागला. लीड्सच्या क्रॅकरने नकाशा उघडला नसता.

भांडण झालं ते यानंतर. बाईंचा आक्षेप गोठ्याच्या फोटोवर होता. बाळ येशू, मरिया, योसेफ, गाईगुरं. त्यांचं म्हणणं, सरकारी शाळेत हे दाखवणं लाइसितेत, म्हणजे तिथल्या धर्मनिरपेक्षतेच्या नियमात, बसत नाही. इथे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण भारतातून जाणारे बहुतेक जण या बाबतीत एक तर फार घाबरतात नाही तर अजिबात फिकीर करत नाहीत. 1905 च्या कायद्याने तिथे चर्च आणि सरकार वेगळे झाले. 2004 च्या कायद्याने विद्यार्थ्यांना डोळ्यांत भरणारी धर्मचिन्हं शाळेत घालता येत नाहीत. बारीकसा क्रॉस किंवा फातिमाचा हात, म्हणजे मुस्लिम घरांतलं पंजाचं पदक, चालतो. शिक्षकाला मात्र तेवढंही नाही. तुम्ही तिथे सरकारच्या वतीने उभ्या असता, त्यामुळे मी माझ्या साखळीतला क्रॉस शाळेत कधीच घातला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. नियम आहे, तो सगळ्यांना सारखा आहे.

पण धर्माचा प्रचार करणं वेगळं आणि धर्माविषयी माहिती देणं वेगळं. हे माझं मत नाही, त्यांचीच भूमिका आहे. शिक्षणमंत्र्यांनी मागवलेला विचारवंत रेजीस दब्रे यांचा 2002 चा अहवाल नेमका यावरच आहे: धर्म हा मानवी इतिहासाचा भाग म्हणून सरकारी शाळेत शिकवला गेला पाहिजे. त्याच सिझियेमच्या मुलांना इतिहासात रोमन साम्राज्यातले पहिले ख्रिस्ती शिकवतात. मग वसईच्या वाडीतला गोठा दाखवून “हे लोक डिसेंबरमध्ये काय करतात ते सांगा” म्हटलं, तर कुठला कायदा मोडला? झेरॉक्स मशीनपाशी आमचे आवाज चढले तेव्हा इतिहास-भूगोलाचे सर मधे पडले आणि त्यांनी हेच सांगितलं. शेवटी मुख्याध्यापकांनी निकाल दिला की फोटो राहू द्या, भक्तिगीतं म्हणवून घेऊ नका. मला ते पटलं. भक्तिगीतं मी घेणारही नव्हते.

गंमत म्हणजे त्याच शाळेत 6 डिसेंबरला सेंट निकोलसच्या नावाने मुलांना केक वाटले होते. लोरेनचा तो संरक्षक संत. नान्सीला त्याची मिरवणूक निघते, आणि जवळच्या सेंत-निकोला-द-पोरच्या बॅसिलिकात 1245 पासून हातात मेणबत्त्या घेऊन फेरी काढतात. जमलं तर ती जरूर बघा. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत इतकी माणसं की कोट काढावा लागतो. आता संत त्यांचा असला की ती परंपरा, आणि आमचा गोठा असला की तो धर्म, हे मला मान्य नाही. बाईंना मी हे तोंडावर सांगितलं.

दुसरं सांगितलं ते ‘खऱ्या इंग्रजी’ नाताळाबद्दल. इंग्लंडात घरोघरी झाड आलं ते राणी व्हिक्टोरियाच्या काळात, तिच्या जर्मन नवऱ्याच्या घरची रीत म्हणून. 1848 मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात राजघराण्याचं झाडासकट चित्र छापून आलं आणि मग सगळ्यांनी उचललं. नाताळच्या झाडाची जुन्यातली जुनी नोंद मिरवणारं सेलेस्ता हे गाव शेजारच्या अल्झासमध्ये आहे, नोंद 1521 ची. इंग्रजांनी शेजाऱ्याकडून घेतलं तरी ते त्यांचं, आम्ही चारशे-पाचशे वर्षं पाळलं तरी ते उसनं? आणि इंग्रजच हवा असेल तर फादर थॉमस स्टीफन्स घ्या. जन्माने इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि येशूच्या जन्माची गोष्ट त्याने मराठी ओव्यांत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. ही एक गोष्ट सांगितली की इंग्रजीच्या कुठल्याही वर्गाला पुरते.

सुट्टीबद्दल. फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या विभागवार वेगळ्या असतात, नाताळची मात्र सगळ्यांना एकदम, त्यामुळे तिकिटं भडकतात. 800 युरोत डिसेंबरचं भारताचं विमान परवडत नाही. थांबा. 24 ला संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, 25 ला गावात चिटपाखरू नसतं, तेव्हा दूध-भाजी आधी भरून ठेवा. कुणी जेवायला बोलावलं तर संकोच न करता जा, जेवण पाच-सहा तास चालतं, शाकाहारी असाल तर आधीच कळवा. स्ट्रासबूर्गचा नाताळबाजार 1570 पासूनचा आहे, तो 24 च्या आत बघून घ्या.

आता थोडं सावधपणे. मी सांगितलं ते कोलेजचं आणि मर्त-ए-मोझेल, म्हणजे नान्सीच्या जिल्ह्याचं. नान्सीहून रेल्वेने तासाभराच्या आत मेत्सला पोचलात की कायदाच बदलतो. मेत्सचा मोझेल जिल्हा आणि अल्झास 1905 साली जर्मनीकडे होते, त्यामुळे तो कायदा तिथे लागूच झाला नाही. तिथे सरकारी शाळेतही धर्माचा तास असतो आणि 26 डिसेंबरला सुट्टी असते. खासगी कॅथलिक शाळा मिळाली तर तिथलं वातावरण आणखी वेगळं. नेमणूक कुठे झालीय ते बघा आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारून ठेवा.

आणि हो, तुमच्या घरी नाताळ नाही म्हणता. मग माझा गोठा तुमचा म्हणून दाखवू नका, तेही सोंगच. कॅम्पातली 24 च्या रात्रीची गर्दी, बेकरीसमोरची रांग, कॉलेजमधल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरून आलेलं फराळाचं ताट, यातलं जे स्वतः पाहिलंय ते सांगा. दिवाळीचा आकाशकंदील करवून घेतलात तरी मुलं तेवढंच बोलतील. आणि स्टाफरूममध्ये कुणी “तुमच्याकडे नाताळ असतो का?” विचारलंच, तर 2011 च्या जनगणनेत भारतात 2.78 कोटी ख्रिस्ती होते हे सांगा. आमच्या बाईंना मी हा आकडा दिला होता. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, आणि पुढच्या डिसेंबरसाठी कंदिलाची कृतीही मागून घेतली.