बॉटला ग्रुपची किल्ली देताना

टेलिग्रामच्या बॉट एपीआयवर (प्रोग्रामने चालणारी खाती, म्हणजे बॉट, ज्या सोयीतून टेलिग्रामशी बोलतात ती) ग्रुप आणि चॅनेल चालवणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. निम्मे घोळ ऐकीव माहितीतून झालेले दिसतात, म्हणून या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : बॉट ग्रुपमध्ये घेतला, पण स्लॅशने सुरू होणाऱ्या कमांडलाच तो उत्तर देतो. बाकीचे मेसेज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. एपीआय बिघडला आहे का?

नाही. प्रायव्हसी मोड (ग्रुपमधले साधे मेसेज बॉटला न दाखवणारी सोय) चालू आहे. तो बॉटफादरकडून (बॉट बनवायचा आणि सांभाळायचा टेलिग्रामचा अधिकृत बॉट) बंद करा आणि बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घ्या, त्याशिवाय बदल लागू होत नाही. बॉट अ‍ॅडमिन असेल तर त्याला तसेही सगळे दिसते. मात्र लोकांचे सगळे बोलणे बॉटला दिसायला हवे आहे का, हे आधी ग्रुपच्या मालकाला विचारा.

प्रश्न : एका तासासाठी एकाला ग्रुपबाहेर ठेवायचे होते. मुदतीत ३६०० दिले, तर तो कायमचा बॅन झाला.

तिथे कालावधी चालत नाही, मुदत संपण्याची वेळ युनिक्स टाइममध्ये (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) द्यावी लागते. आत्ताची वेळ अधिक ३६०० असे लिहा. मुदत ३० सेकंदांहून कमी किंवा ३६६ दिवसांहून जास्त भरली, तर बॅन कायमचा धरतात.

प्रश्न : ग्रुपला मेसेज पाठवणारा बॉट अचानक एरर देऊ लागला. कोडमध्ये काहीच बदललेले नाही.

ग्रुपचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठा, जास्त सोयींचा ग्रुप) झाला असणार, आणि मग त्याचा आयडी बदलतो. आलेली एरर शेवटपर्यंत वाचा, नवा आयडी तिच्यातच दिलेला असतो. तो उणे १०० ने सुरू होतो आणि ३२ बिटांत मावत नाही, म्हणून डेटाबेसमधला रकाना ६४ बिटांचा करून घ्या. डेटाबेस दुसरे कोणी सांभाळत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : सूचना एकदम पाठवताना ४२९ (फार विनंत्या झाल्याची एरर) येतो. मित्र म्हणतो, आणखी दोन बॉट बनव.

मित्राचे ऐकू नका. एका चॅटमध्ये सेकंदाला एक, एका ग्रुपमध्ये मिनिटाला २० आणि सगळे मिळून सेकंदाला साधारण ३० मेसेज, एवढे धरून चाला. किती सेकंद थांबायचे तेही ४२९ सोबत कळवलेले असते. मेसेजची रांग लावा आणि तेवढे थांबा.

प्रश्न : चॅनेलच्या सगळ्या सदस्यांची यादी काढून देतो, शिवाय हजारो मेंबर भरून देतो, असे एक जण पैसे घेऊन सांगतो आहे. घ्यावे का?

घेऊ नका. बॉट एपीआयमधून सदस्यांची संख्या मिळते, अ‍ॅडमिनांची यादी मिळते आणि आयडी ठाऊक असलेल्या एखाद्याची माहिती मिळते. सगळ्यांची यादी मिळत नाही आणि बॉट कोणाला परस्पर आत ओढूही शकत नाही. ही मंडळी माणसाच्या खात्याने लॉगिन करून हे उद्योग करतात, आणि थोड्या वेळाने तुमचाच नंबर आणि लॉगिन कोड मागतात. कोड दिला की खाते गेले.

प्रश्न : बॉटचा कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकताना टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, त्यातच राहिले. पुढच्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाची नोंद) काढले. चार दिवसांत काही झालेले नाही. प्रोजेक्ट संपला की बदलू का?

हे वाचणे थांबवा, आधी बॉटफादरकडे जाऊन टोकन रद्द करा आणि मग परत या.

कमिटमधून काढलेली ओळ जुन्या इतिहासात तशीच असते. टोकन म्हणजे पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही एकातच. तुमच्या खात्याचे टू-स्टेप कुलूप त्याला लागू होत नाही. ज्याच्या हाती ते पडले, तो तुमचा बॉट झाला. तो चॅनेलवर पोस्ट टाकेल, लोकांना बॅन करेल आणि बॉटला अ‍ॅडमिन नेमायचा अधिकार दिला असेल तर आपली माणसे अ‍ॅडमिन करून ठेवेल. ‘काही झालेले नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता? पोस्ट टाकणारा दिसतो, पण टोकन नुसते जपून ठेवणारा दिसत नाही.

मी असे एक प्रकरण निस्तरले आहे. तिथे कोडमध्ये टोकन नव्हतेच. एपीआयच्या पत्त्यातच टोकन असते, आणि कनेक्शन तुटले की प्रोग्राम तो अख्खा पत्ता लॉगमध्ये छापत होता. एकाने मदत मागताना तो लॉग जसाच्या तसा चिकटवला. आकडे, मग अपूर्णविराम (:), मग लांबलचक अक्षरे, सगळे उघड्यावर.

नव्या टोकनने वेबहुकची (बॉटचे मेसेज टेलिग्राम ज्या पत्त्यावर पाठवतो त्याची) माहिती मागवा आणि तिथे अनोळखी पत्ता दिसला तर काढून टाका. अ‍ॅडमिनांची यादी एकेक नाव करून तपासा. टोकन कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) ठेवा, लॉगमध्ये ते झाकले जाते का तेही पाहा. बॉट फक्त मेसेज पुसत असेल तर त्याला पुसण्याचाच अधिकार द्या. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्यांना आजच फोन करा आणि ही सगळी तपासणी एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा.

प्रश्न : सर्व्हर दोन दिवस बंद होता. मधले मेसेज बॉटला परत मिळतील का?

शेवटच्या २४ तासांतले मिळतील. त्याआधीचे गेले.