टायटॅनियम 'गंजरोधक' की 'क्षरणरोधक'?

प्रश्न असा आहे की परळच्या एका डेंटल क्लिनिकसाठी इम्प्लांटचं माहितीपत्रक मराठीत करायचंय, 'करोजन रेझिस्टन्स'ला 'गंजरोधकता' लिहिलं तर डॉक्टर म्हणाले टायटॅनियम गंजतच नाही, मग लिहायचं काय?

डॉक्टरांचं बरोबर आहे. गंज हा लोखंडाचा. वरळीला समुद्राकडच्या खिडकीचं ग्रिल बघा, रंगाखालून फुगतं, पापुद्रे सुटतात, तो गंज. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, चांदी काळी पडते, म्हणजे आपल्याकडे धातूगणिक वेगळा शब्द आहे, आणि या सगळ्यांना मिळून एक हवा असेल तर 'क्षरण'. 'अक्षर'मधलाच तो 'क्षर', झिजणारं, नाश पावणारं. म्हणून मी 'क्षरणरोधकता' लिहीन.

गंमत अशी की गंज हा ऑक्साइड, आणि टायटॅनियमला वाचवतो तोही ऑक्साइडच! पण लोखंडाचा भुसभुशीत, त्यातून पाणी आणि हवा आत जातच राहते. टायटॅनियमवर हवा लागल्या लागल्या काही नॅनोमीटरचा घट्ट थर बसतो, ओरखडा पडला तर तो परत भरून येतो, त्यामुळे तोंडातल्या खारट ओल्या वातावरणाला तो सहसा दाद देत नाही.

सहसा म्हटलं, कारण आम्ल आणि फ्लोराइड एकत्र आले की तो थर खराब होऊ शकतो. साध्या टूथपेस्टने घाबरायचं कारण नाही, प्रश्न येतो तो आम्लयुक्त फ्लोराइड जेलचा. म्हणून पत्रकात 'क्षरण होतच नाही' असं अजिबात छापू नका, 'क्षरणाला सहज दाद देत नाही' लिहा, पेशंटलाही कळेल आणि डॉक्टरही हरकत घेणार नाहीत. ('संक्षारण' पण शब्द आहे, पुस्तकात ठीक, पण वेटिंग रूममध्ये बसलेल्या काकूंना तो कशाला?)

अजून एक, सरसकट 'टायटॅनियम मिश्रधातू' लिहू नका. बरेच इम्प्लांट ग्रेड 4 म्हणजे व्यापारी दर्जाच्या शुद्ध टायटॅनियमचे असतात, ग्रेड 5 हा मिश्रधातू, त्यात साधारण 6% ॲल्युमिनियम आणि 4% व्हॅनेडियम. क्लिनिकमध्ये कुठला वापरतात ते इम्प्लांटच्या पाकिटावर बघून मगच लिहा.