"मॅडम, घरीच डिलिव्हरी केली तर चालेल का?"

हल्ली गरोदर मुली पहिल्याच भेटीत हे विचारतात, मिडवाइफ म्हणजे प्रशिक्षित सुईण बोलावून घरी डिलिव्हरी सेफ आहे का म्हणून. मुलुंडची एक मुलगी आली होती, पहिलंच बाळ, सातवा महिना. तिचं ठरलेलंच होतं. नवरा घाबरलेला, आणि सासूबाई म्हणत होत्या आमच्या वेळी सगळ्या घरीच व्हायच्या की.

मी आधी माहिती दिली, कारण ती लपवणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये 2011 साली सुमारे 64 हजार कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास आला. आधी एखादं बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये घर आणि हॉस्पिटल यात बाळाच्या धोक्यात फरक दिसला नाही. पहिलटकरणींमध्ये मात्र बाळ दगावण्याचं किंवा त्याला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण घरी 1000 मागे 9.3 आणि हॉस्पिटलमध्ये 5.3 होतं, आणि घरी सुरुवात केलेल्या 100 पहिलटकरणींपैकी 45 जणींना हॉस्पिटलला हलवावं लागलं. तेही तिथे, जिथे मिडवाइफ सरकारी आरोग्यसेवेचाच भाग असते आणि हॉस्पिटलशी जोडलेली असते.

ती म्हणाली, "हे सगळं वाचलंय मी."

वाचलंय तरी हट्ट आहे म्हणजे प्रश्न आकड्यांचा नाहीच हे माझ्या लक्षात आलं. माझा तर अनुभवच आहे की हट्टाच्या खाली बहुतेक वेळा भीती असते आणि ती कुणी विचारलेली नसते. मग एवढंच विचारलं, "घरी असं काय असेल जे तिथे नसेल?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "माझं माणूस."

आणि मग सगळं बाहेर आलं. ताईच्या वेळी लेबर रूममध्ये कुणाला सोडलं नव्हतं, ताई ओरडत होती आणि आतून कुणीतरी तिलाच दरडावत होतं, ही बाहेर बाकावर बसून ऐकत होती. बोलता बोलता रडली, नवऱ्याला तर हे माहीतच नव्हतं.

"मग तुला घर हवंय का सोबत?" मी विचारलं. "सोबत," ती लगेच म्हणाली.

त्यानंतर काम सोपं झालं. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की प्रसूतीत बाईला हवं ते माणूस जवळ असावं, मग ते मागायला लाजायचं कशाला? दोघांनी हॉस्पिटलं फिरून विचारलं, नवरा आत चालेल का, कळा येताना चालता फिरता येईल का, टाके घालायची वेळ आली तर आधी सांगाल का. ठाण्यात एक जागा मिळाली, तिथे मिडवाइफही होती. शेवटी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझर झालं, पण नवरा शेजारी होता आणि प्रत्येक गोष्ट तिला सांगून केली. सहा आठवड्यांनी बाळाला घेऊन आली तेव्हा सिझरबद्दल एक तक्रार नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या खेपेच्या मुलींना मी सरसकट नाही म्हणत नाही. पण आधीचं सिझर, बीपी, शुगर, जुळं, पायाळू बाळ यातलं काही असेल तर घरचा विचार सोडा. बाकीच्यांनी आधी आपल्या गायनॅकला विचारा आणि मिडवाइफलाही विचारा, तुमचं रजिस्ट्रेशन आहे का, रक्तस्राव थांबवायची औषधं जवळ ठेवता का, आणि संध्याकाळी हायवे जाम असताना कुठलं हॉस्पिटल आम्हाला घेईल, त्यांच्याशी आधी बोलून ठेवलंय का?